प्रयागमावशींनी उचललेला फोन

फोन वाजला की प्रयागमावशी तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठायच्या. भाकरी करपायची, घरभर वास सुटायचा आणि मावशी दाराच्या चौकटीला टेकून पलीकडच्या माणसाला विचारत असायच्या, "कोन बोलतंय? कुठून बोलतंय? जेवलाव का?" बऱ्याचदा तो चुकीचा नंबर असायचा. एकदा सोलापूरकडच्या कुणीतरी ट्रॅक्टरच्या पार्टसाठी चुकून त्यांना फोन लावला. मावशींनी त्याला धारूरच्या बाजारपेठेतली दोन दुकानं सांगितली, वर "पहिल्याकडं जाऊ नका, लई भाव लावतंय" असा सल्लाही दिला. तो माणूस पुढं दर दिवाळीला मावशींना फोन करू लागला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही.

माझी धारूरच्या शाळेत बदली झाली तेव्हा मी त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सुरुवातीला मला त्यांच्या या सवयीची धास्ती वाटायची. मी म्हणायची, "मावशी, हल्ली फोनवरून लोक फसवतात. अनोळखी नंबर उचलू नये."

"आवो बाई," त्या म्हणायच्या, "घंटी वाजतीय म्हंजी पलीकडं कुनीतरी कान लावून बसलंय. त्याला ताटकळत ठिवायचं कावून?"

हे त्यांच्या नोकरीचं वळण होतं. नवरा टेलिफोन खात्यात लाइनमन. खांबावरून पडून गेला, तेव्हा मावशी अगदी तरुण. खात्याने त्यांना एक्स्चेंजमध्ये घेतलं. त्या काळी फोन हाताने जोडावे लागत. समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या, कानाला हेडफोन. दिवाळीनंतर आमच्या भागातल्या टोळ्या ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे गेल्या की मावशींचा बोर्ड थंड व्हायचा नाही. उसाच्या फडातला माणूस तिकडच्या तालुक्याच्या गावी येऊन ट्रंक कॉल लावायचा, पण वाडीवर फोन कुणाकडे असणार? मग मावशी निरोप लिहूनही घ्यायच्या नाहीत, ध्यानात ठेवायच्या आणि संध्याकाळी घाटाखाली जाणाऱ्या कुणाच्याही तोंडी पाठवायच्या. वाडीवरची उत्तरंही त्यांच्याच तोंडून परत जायची: म्हातारीला ताप हाय. गाय व्याली. पोराचं नाव ठिवलं. गावातली निम्मी बारशी आणि मयती आपल्या कानावरून गेल्या, असं त्या सांगायच्या. त्यात बढाई नव्हती, थोडी दमणूक होती.

मावशी काही साध्वी नव्हत्या. मिश्री लावून बसल्या की तासभर उठायच्या नाहीत. मोलकरणीशी भांडायच्या आणि तिसऱ्या दिवशी तिलाच जेवायला बसवायच्या. एखादी गोष्ट पटली की ती सगळ्या गल्लीला पटलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट असायचा. त्यांच्यावर जे ओढवलं ते याच हट्टातून.

गावातल्या मंगल कार्यालयात एक सभा झाली. पाटोद्याकडचा सुयोग नावाचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर झालेला, त्याने 'डोंगरी कॉइन' नावाचं एक नाणं काढलं होतं. नाणं म्हणजे हातात धरायचं नाही, फोनमध्ये दिसायचं. पडद्यावर चित्रं वगैरे होतीच, पण तो बोलला आमच्याच बोलीत. "तुमचा मानूस तिकडं ऊस तोडतोय, पैसा इकडं लागतोय. मधी एजंट, मधी रांग, मधी सुट्टी. आमी मधलं समदं काढून टाकलंय. तिकडून बटन दाबलं की इकडं आलं." शेवटी त्याने स्वतःचा नंबर मोठ्याने वाचून दाखवला. "अडचन आली तर थेट मला फोन करा. दिवसा करा, राती करा."

मावशी घरी आल्या त्या उजळून. "बाई, पोरगं नंबर देतंय सोताचा! कुठला सायब देतो?"

मी म्हटलं, "मावशी, नोट निदान दिसते. हे दिसतही नाही."

"लाइनीतून आवाज जायचा तो तरी कुठं दिसत व्हता?" त्या म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच्या शिल्लकीतला काही भाग त्यात टाकला. मग गल्लीतल्या चारचौघींना पटवलं. आणि शेवंताला.

शेवंता घाटाखालच्या वाडीची. पावसाळ्याअखेरी ती मावशींच्या ओट्यावर सीताफळांच्या पाट्या लावून बसायची आणि दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर टोळीत जायची. तिची मुलगी मनीषा पहिलटकरीण होती. बाळंतपणाला माहेरी आली होती आणि शेवंता कर्नाटकातल्या फडावर जाणार होती. मनीषाजवळ फक्त म्हातारी आजी. वेळेला पैसा कसा पोचणार, हीच शेवंताची चिंता. मावशींनी तिच्या फोनमध्ये ते ॲप घालून दिलं. शेवंता बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला ह्यातलं काय कळत न्हाई, मावशी. तुमी मनता तर टाकते."

सुरुवातीला सगळं नीट चाललं. शेवंताने फडावरून पाठवलेलं मनीषाच्या फोनवर आलं, वाडीजवळच्या दुकानदाराने त्या बदल्यात रोख दिली, मनीषाने सोनोग्राफी केली. मावशींची मान ताठ झाली. मग एक सूचना आली की ॲपची नवी आवृत्ती येते आहे, सगळी नाणी आपोआप नव्या जागी हलवली जातील, कुणी काही करायचं नाही. त्या दिवसापासून मावशींच्या, शेवंताच्या, सगळ्यांच्याच खात्यापुढे एकच शब्द दिसू लागला: 'प्रक्रियेत'.

मावशींनी सुयोगला फोन केला. वाजला, उचलला नाही. पुन्हा केला. मग त्यांनी मला बोलावलं आणि मेसेज लिहायला लावला. उत्तर लगेच आलं. 'नमस्कार. आपली तक्रार नोंदवली आहे. कृपया धीर धरा. टीम काम करत आहे.' मावशी खूश झाल्या. "टीम हाय बघा. मानसं कामाला लागलीत." दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच वाक्य आलं. तिसऱ्या वेळी तेच. तेव्हा मावशींच्या लक्षात आलं की हे कुणी लिहीत नाही, आपोआप येतं. त्यांनी माझ्या हातातला फोन स्वतःकडे घेतला. म्हणाल्या, "मंजी तिथं कुनी न्हाईच?"

नाण्याचा एक ग्रुप होता, त्यात शेकड्याने माणसं. लोक विचारत होते, रडकुंडीला येत होते. वरती एक सूचना चिकटवलेली होती: अफवा पसरवणाऱ्यांना काढून टाकण्यात येईल. मावशींनी तिथे आणि सुयोगच्या नंबरवरही आवाजातला निरोप टाकला, "लेकरा, म्या धारूरची प्रयागबाई. एका पोरीचं बाळंतपन आलंय. पैसे कवा येतील तेवढं सांग. येनार नसतील तर तसं सांग." सुयोगला पाठवलेल्या निरोपाखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या. मावशींना त्या खुणांचा अर्थ ठाऊक होता. "ऐकलंय त्यानं," त्या म्हणाल्या. "ऐकून गप बसलंय." संध्याकाळपर्यंत त्यांना ग्रुपमधून काढलं होतं.

तिथून पुढचे दिवस कठीण होते. मावशी फोन पदरात बांधून फिरू लागल्या. झाडलोट करताना मध्येच थांबायच्या, पदराची गाठ सोडून बघायच्या, पुन्हा बांधायच्या. जेवण तुटलं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली. गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन बसायच्या. भांडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. "मावशी, काय मनतंय तुमचं पोरगं?" एवढंच विचारायच्या आणि चहा न घेता उठायच्या. "तुमचं पोरगं" हे शब्द मावशींना झोंबायचे. फडावरून शेवंताचा फोन दुपारच्या सुट्टीत यायचा. मागे कोयत्यांचा आवाज, कुणाचं तरी मूल रडतंय. "मावशी, मनीषाला आठवा सरून नववा लागला. काय झालं त्या पैशाचं?" मावशी सांगायच्या, "इचारते ग माय. आजच इचारते."

एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाची शाळा करून घरी आले. मावशी जमिनीवर बसल्या होत्या, फोन समोर फरशीवर. तो वाजत होता. मावशी त्याच्याकडे बघत होत्या आणि हात मांडीवर होते. मला वाटलं, त्यांना काही झालं. मी धावले. "मावशी, फोन!"

त्यांनी मान हलवली. फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. पडद्यावर शेवंताचं नाव होतं.

"काय सांगू तिला?" मावशी म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्याबी त्येच केलं की बाई. त्या पोरानं केलं तेच."

त्या उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि शेवंताला स्वतः फोन लावला. "आत्ता तुझा फोन म्या मुद्दाम उचलला न्हाई. भेव वाटलं. माफ कर. पैशाचं मला काईच ठावं न्हाई. मनीषाकडं म्या बघते. ते काम मपलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या ऐतवार हाय. पाटोद्याला चला."

सुयोगचं गाव सभेतल्या पत्रकावर होतं. केजला गाडी बदलली, मांजरसुंब्याला पुन्हा बदलली, पाटोद्याहून वडापच्या जीपने पुढे. मावशी सबंध वाटेत खिडकीबाहेर बघत होत्या. मी मात्र घाबरले होते. मुलगा तिथे नसला तर? असला, आणि अंगावर आला तर? दोन बायका कुणाच्या भरवशावर चाललो होतो?

घर सापडलं. खाली जुनं दगडी, वर अर्धवट नवं बांधकाम, स्लॅबमधून गज वर आलेले. त्याची आई दारात आली आणि आम्ही काही विचारायच्या आतच म्हणाली, "सुयोग पुन्याला हाय." तिच्या पायाशी पांढरे, महागातले बूट होते, तरुण माणसाचे.

मावशींनी बुटांकडे पाहिलं. ओट्यावर बसल्या. "आसू द्या. जरा पानी द्या, लांबून आलोत." पाणी प्याल्या, पाऊस कसा झाला विचारलं, बाईच्या हातावरल्या भाजलेल्या डागाला काय लावता विचारलं. बाई उत्तरं देता देता रडायलाच लागली. "जेवत न्हाई वो लेकरू. वर बसलंय कोंडून. फोनकडं बघतंय आन् पालथा घालून ठिवतंय. बोलतच न्हाई आमच्याशी."

वरच्या खोलीत तो होता. सभेतला सुयोग तो हाच, हे मला चटकन ओळखू आलं नाही. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पलंगावर दोन-तीन फोन पालथे ठेवलेले, त्यातला एक थरथरत होता.

"तुम्ही कोण?"

"धारूरची प्रयागबाई. रोज मेसेज टाकते ती म्या."

तो खालीच बसला. "मावशी, मी पळून गेलो नाही."

"दिसतंय मला. पळाला आसतास तर बरं झालं आसतं. शिव्या तरी देता आल्या आसत्या."

मग ते सगळं बाहेर आलं, तुटक तुटक. टीम नव्हतीच. तो आणि त्याचा एक भागीदार. नाणी नव्या जागी हलवताना चूक झाली. काही नाणी अशा ठिकाणी जाऊन पडली की तिथलं कुलूप उघडायची किल्ली कुणाकडेच नव्हती, त्याच्याकडेसुद्धा नाही. थोडी अजून त्याच्या ताब्यात होती, ती काढता येतील असं त्याला वाटत होतं, खात्री नव्हती. भागीदाराने फोन बंद केला आणि निघून गेला.

"मग लोकांना सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"काय सांगणार, मॅडम? म्हटलं, उत्तर सापडलं की सांगू. आज सापडेल, उद्या सापडेल. मग इतके मेसेज साठले की उघडायची भीती वाटायला लागली. एकाला उत्तर दिलं तर बाकीचे विचारणार. म्हणून ते आपोआप जाणारं वाक्य लावून ठेवलं."

मावशी त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता आणि अजून काहीतरी होतं, ते मला आदल्या दिवशी फरशीवर ठेवलेल्या फोनसमोर दिसलं होतं. "आरं," त्या म्हणाल्या, "आमच्या वेळंला लाइन तुटली की आमी 'तुटली' मनायचो. मानूस आय-माय काढायचा आमची. पर उठून यष्टी धरायचा, सोता गावाला जायचा. तू तर समद्यांना जागेवर बसवून ठिवलंस."

पलंगावरचा फोन पुन्हा थरथरला. मावशींनी तो सुलटा केला आणि त्याच्यापुढे धरला. "उचल."

त्याने हात मागे घेतला. मग मावशींनीच बटण दाबलं. आणि त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी तोवर कधीच ऐकला नव्हता. खणखणीत, शांत, कुणाचीच बाजू न घेणारा. "हॅलो. डोंगरी कॉइन. बोला." पलीकडचा माणूस माजलगावकडचा होता. तो इतका ओरडत होता की मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. मावशींनी त्याला अडवलं नाही. तो दमल्यावर म्हणाल्या, "तुमचं समदं खरं हाय. सायब इथंच हायेत. देते." आणि फोन सुयोगच्या हातात कोंबला.

तो बोलला. आधी अडखळला, मग रडला, मग पुन्हा बोलला. शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत मावशी त्याच्याशेजारी बसून होत्या. तो एक ठेवायचा, दुसरा वाजायचा. निघताना त्याने ग्रुपमध्ये खरं काय झालं ते लिहिलं. मावशींनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, "मपला नंबरबी टाक त्यात. तू एकला थकशील, आन् थकलास की पुन्हा पालथा घालशील."

मी त्यांना बाजूला नेलं. "मावशी, वेड लागलंय का? लोक तुम्हालाच धरतील."

"धरू द्या. मपल्यामुळं गल्ली त्यात पडली. कुनीतरी उचलायला नको का?"

तेव्हापासून घरात दिवसभर फोन वाजायचा. पुढे काय होतंय या काळजीने मी वर्गात असतानाही माझं लक्ष घरी असायचं. पहिल्याच दिवशी जालन्याकडच्या एका म्हाताऱ्याचा फोन आला. तो रडत होता. मावशींना राहवलं नाही, "येतील बाबा, येतील तुमचे पैसे" असं त्या म्हणून गेल्या. फोन ठेवला आणि त्यांची चुळबूळ सुरू झाली. मिश्री लावली, थुंकली, पुन्हा लावली. शेवटी त्या म्हाताऱ्याला उलट फोन करून सांगितलं, "बाबा, मघाशी म्या खोटं बोलले. तुमचं रडनं ऐकवना मनून बोलले. येतील का न्हाई ते मला ठावं न्हाई. तुमी त्याच्यावर इसंबू नका." मग म्हातारा म्हणाला, "बरं माय," आणि फोन ठेवला.

मनीषाचं पोट दुखायला लागलं तेव्हा मावशीच जीप करून तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. मीही होते. मूल आडवं होतं. आत मनीषा, बाहेर बाकड्यावर आम्ही आणि तिची आजी, जी सारखी देवाचं नाव घेत होती. मावशींचा फोन मध्येच वाजायचा. त्या कोपऱ्यात जाऊन दबक्या आवाजात बोलायच्या, परत यायच्या, दाराकडे बघायच्या. शेवटी नर्सने दार उघडलं. मुलगी झाली, दोघी ठीक. मावशींनी आधी शेवंताला फोन लावला. फडातला तो गलका, आणि त्यातून शेवंताची किंकाळी. आनंदाची होती, पण पहिल्या क्षणी आम्ही दोघी दचकलो.

आणि मग पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. कुणीतरी तक्रार केली होती, आणि तक्रारीत संपर्काला मावशींचा नंबर होता. मला ज्याची भीती होती तेच झालं. मावशी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसल्या. ठाण्यात साहेब नम्रपणे बोलले, पण प्रश्न सरळ होता. "आजी, तुमचा या कंपनीशी संबंध काय?"

"काई न्हाई. मपलेबी त्यात गेलेत."

"मग तुमचा नंबर का?"

"त्यो उचलत नव्हता मनून."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते खरं वाटत नव्हतं, आणि ऐकताना मलाही ते खरं वाटत नव्हतं. त्यांनी सुयोगला फोन लावायला सांगितलं. लावला. वाजला. उचलला नाही. मावशींचा चेहरा उतरला. मी त्यांचा हात धरला. जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने पुन्हा लावला. बंद. मावशी हळूच म्हणाल्या, "पालथा घातला वाटतं." त्यात राग नव्हता. त्या एकाएकी फार म्हाताऱ्या दिसल्या.

आम्हाला दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगितलं. मावशी रात्रभर कूस बदलत होत्या, हे मला भिंतीपलीकडून कळत होतं. सकाळी ठाण्याच्या पायऱ्यांवर सुयोग बसलेला दिसला. दाढी केलेली, शेजारी आई, हातात लॅपटॉपची पिशवी. त्यालाही बोलावणं गेलं होतं; गाडीत रेंज गेली होती आणि मग बॅटरी, असं त्याने सांगितलं. ते खरं होतं की तो आधी पळायचं ठरवून मग परतला होता, हे मला आजही माहीत नाही. मावशींनी विचारलं नाही. तो आत गेला आणि सगळं स्वतःच्या नावावर घेतलं. प्रकरण पुढे कोर्टात गेलं, अजून चालू आहे. त्याच्या ताब्यात जी नाणी उरली होती ती त्याने लोकांना वाटून दिली. प्रत्येकाला थोडंफार आलं, पुरं कुणालाच नाही.

मावशींना सगळ्यात धाकधूक होती ती शेवंताच्या परतण्याची. हंगाम संपला, टोळ्यांचे ट्रक घाट उतरू लागले तशा मावशी ओट्यावर बसेनाशा झाल्या. शेवंता आली ती उन्हाची. चपला काढल्या नाहीत, दारातच उभी राहिली. उन्हाने रापलेली, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे.

"म्या तुमच्या तोंडाकडं बघून टाकले व्हते," ती म्हणाली.

"व्हय," मावशी म्हणाल्या.

"आता खरं सांगा. येनार का?"

मावशींनी मान वर केली. "आलं तेवढंच. बाकीचं न्हाई येनार. तू त्याची आशा ठिवू नको."

शेवंताने पदर तोंडाला लावला. मी पाणी आणलं, ते तिने घेतलं. मनीषासाठी केलेल्या धावपळीबद्दल ती काही बोलली नाही आणि मावशींनीही आठवण दिली नाही. ती निघून गेली. त्या वर्षी सीताफळांच्या पाट्या घेऊन ती आमच्या ओट्यावर आली नाही, पुढच्या आळीत बसली. मावशी खिडकीतून तिकडे बघत राहायच्या.

पुढच्या श्रावणात मावशी गेल्या. दुपारी भिंतीला टेकून बसल्या होत्या, तशाच कलंडल्या. अंत्ययात्रेला गल्ली आली, सुयोग आणि त्याची आई आली, माझ्या ओळखीची नसलेली बरीच माणसं आली. शेवंता आली नाही. मग माझी बदली घाटनांदूरला झाली आणि मी धारूर सोडलं.

गेल्या महिन्यात घाटनांदूरच्या बाजारात शेवंता दिसली. तिची बहीण तिथे दिली आहे. कडेवर मनीषाची मुलगी, नात, आता चांगली गुटगुटीत. आम्ही भाजीच्या ओळीत बोलत उभ्या राहिलो. मला राहवेना, मी विचारलं, "शेवंताबाई, मावशींवर अजून राग आहे का?"

"हाय की," ती लगेच म्हणाली. "मातीला आले न्हाई म्या. आता वाटतंय यायला पायजे व्हतं. पर राग हाय." मग नातीच्या कपाळावरचे केस मागे सारत ती म्हणाली, "पर एक सांगू का बाई? मावशी 'न्हाई येनार' मनल्या त्या दिशी घरी जाताना वाटंतच म्या ठरवलं, ते पैसे गेले. दोन शेळ्या इकल्या, मनीषाला तिच्या घरी नीट पाठवली, धाकट्या पोराचं कॉलेज चालू ठिवलं. आमच्या वाडीत दुसऱ्या एका स्कीममदी गुतलेली चार घरं हायेत. त्यांचा सायब लई ग्वाड बोलतो. येत्याल, येत्याल मनतो. ती मानसं आजून वाटच बघायलीत. एकानं पोरीचं लगीन आडवून धरलंय, एकानं घराचं पत्रं घातलं न्हाई."

तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं, मेथीच्या जुडीचा भाव विचारला, जास्त वाटला तशी जुडी परत ठेवली आणि पुढच्या भाजीवालीकडे निघाली.